बागुलबुवाचा पत्ता

'तुंबाड' हा पिक्चर आमच्या खात्यातल्या बहुतेकांनी पाहिलेला आहे. १२ ऑक्टोबर २०१८ ला तो लागला तेव्हा फारसा चालला नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला परत लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. मधली सहा वर्षं लोकांनी तो मोबाईलवर पाहिला, दुसऱ्याला दाखवला आणि त्याच्यावर भांडणं केली. सूतगिरणीत रात्रपाळीला चहाच्या सुट्टीत माणसं क्रिकेटवर भांडतात, साखर कारखान्याच्या निवडणुकीवर भांडतात. एका पिक्चरमधल्या भुतावर भांडताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोकणातलं तुंबाड गाव. तिथं पाऊस थांबत नाही, कारण गावाला देवांचा शाप. एक ब्राह्मण घराणं, एक पडका वाडा, आणि वाड्याच्या पोटात हस्तर नावाचा एक विसरलेला देव. देवीचा तो पहिला पोरगा. आईजवळ सोनं होतं, धान्य होतं. यानं सोनं सगळं घेतलं. धान्याला हात घातला तेव्हा बाकीचे देव चालून आले. आईनं त्याला पोटात लपवून वाचवला, पण अट घातली गेली : याची पूजा कुणी करायची नाही, याचं नाव कुठं राहायचं नाही. तेव्हापासून तो सोन्याच्या मोहरांची लंगोटी लावून उपाशी बसलाय. विनायक नावाचा माणूस गव्हाच्या पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो. हस्तर बाहुली खातो तेवढ्यात हा मोहरा लुटतो. १९१८ साली विनायक पोरगा असतो. १९४७ ला त्याचा पोरगा त्याच्या जागी उभा असतो.

आता मतं. मी तीन ऐकली.

पहिलं मत आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकांचं. ते म्हणाले, "आजीच्या गोष्टीचं वाटोळं केलं. 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' ही साधी, गोड गोष्ट. पोर दोन मिनिटं घाबरतं आणि आजीच्या कुशीत झोपून जातं. त्या गोष्टीत एवढा काळोख ओतायची काय गरज होती?"

दुसरं मत सगळ्यात जास्त ऐकू येतं. लोभाचा धडा आहे. प्रत्येक माणसात एक हस्तर असतो. पिक्चरच्या सुरुवातीलाच गांधींच्या नावानं गरज आणि हाव यांच्याबद्दलचं एक वाक्य येतं, त्यामुळं हे मत बोलणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही.

तिसरं मत रिंग खात्यातल्या एका पोराचं. तो म्हणाला, "त्यो हस्तर आपल्यातलाच हाय गा. सोनं घेतलं तवर कुणी काय बोललं न्हाई. भाकरीला हात लावला आन् समदे धावून आले."

तिन्ही मतं मी डोक्यात घेऊन हिंडलो. तिन्ही मला अर्धी वाटतात.

पहिल्या मतापासून सुरू करतो. बागुलबुवाची गोष्ट गोड होती हे खरं आहे काय? कुणासाठी गोड होती?

ही गोष्ट तुंबाडच्या दिग्दर्शकाकडं कशी आली तेही ऐकण्यासारखं आहे. राही अनिल बर्वे यांनी सांगितलं आहे की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात रात्री एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची कथा सांगितली. ती कथा म्हणजे 'आजी'. धारपांच्या त्या कथेचं मूळ अमेरिकेतल्या स्टीफन किंगच्या कथेत. म्हणजे एक म्हातारी अमेरिकेतून पुण्यात आली, पुण्यातून जंगलात आणि जंगलातून पडद्यावर. पिक्चरचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ च्या कादंबरीवरून. पण गोष्टीचा गाभा यांच्यापैकी कुणाचाच नाही. तो घराघरातल्या त्या एका धमकीचा आहे. झोप, नाहीतर तो येईल.

तो म्हणजे कोण? दोस्तहो, प्रश्न इथं आहे.

आपल्या मुलखात पोराला भीती घालताना नुसतं बागुलबुवा म्हणत नाहीत. बागुलबुवा कुणी पाहिलेला नसतो. पोर विचारतं, कुठं आहे? मग दाखवण्यासाठी एक जिवंत माणूस लागतो. तो रस्त्यावरून जात असतो. गोसावी येईल आणि झोळीत घालून नेईल. पारधी धरून नेईल. डोंबारी नेऊन दोरीवर चढवील. वडारी पुलाच्या पायात पुरील. पोर खिडकीतून बघतं. खरोखरच एक माणूस झोळी घेऊन चाललेला असतो. पोर घाबरतं, झोपतं. आईचं काम झालं. त्या माणसाचं काय झालं ते कुणी बघत नाही.

भुतांनासुद्धा आपल्याकडं जात आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मुंजा ब्राह्मणाचा, समंध ब्राह्मणाचा. समंध तर पुरलेल्या धनावर बसलेला असतो. पण पोराला दुपारी, उजेडी, रस्त्यावर बोट करून जे भूत दाखवलं जातं ते नेहमी गावकुसाबाहेरचं. वाड्यातल्या समंधाची गोष्ट रात्री कौतुकानं सांगतात. गोसाव्याची मात्र दिवसा दम म्हणून.

ही काय नुसती गोष्ट आहे? इंग्रजांनी १८७१ साली कायदा केला आणि जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पोर जन्माला आलं की चोर. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, गोष्ट राहिली. आई सांगत राहिली, पोर ऐकत राहिलं. पोर मोठं झालं, त्याच्या हातात मोबाईल आला.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा बाजार. सोलापूरकडून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. पोरं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा व्हॉट्सॅपवर फिरत होती. जमावानं त्यांना धरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पाचही.

मारणारे राक्षस नव्हते. ती आईबापं होती. आपल्या पोरांना वाचवतोय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी व्हॉट्सॅपवरचं पटकन खरं मानलं, कारण ते नवीन नव्हतंच. झोपताना ऐकलेलं होतं. लहानपणी ज्याच्या भीतीनं गोधडीत तोंड लपवलं तो माणूस बाजारात सापडला, आणि आता आपण पुष्कळजण आहोत, आपल्या हातात काठ्या आहेत.

राईनपाड्यानंतर साडेतीन महिन्यांनी 'तुंबाड' लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पिक्चर करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं आधीपासून काम चालवलं होतं. पण मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघतो. आणि ते शिक्षक म्हणतात गोष्ट गोड होती. गुरुजी, गोष्टीत काळोख पिक्चरवाल्यांनी ओतला नाही. तो आधीपासून होता. फक्त तुमच्या घरात त्याचा उजेड पडत होता आणि आमच्या पालांवर काळोख.

'तुंबाड'ने एक मोठं काम केलं आहे. त्यानं बागुलबुवाचा पत्ता बदलला. झोळीवाला, पालावरचा, वेशीबाहेरचा कुणी तिथं पोर न्यायला येत नाही. जो येतो तो घरातला आहे. आजी घरातली. तिला साखळीनं बांधलंय तेही घरात. हस्तर वाड्याच्या पोटात. आणि त्याच्याकडं पोराला घेऊन जाणारा पोराचा सख्खा बाप. बाप पोराला बाहुली कशी फेकायची, मोहरा कशा लुटायच्या हे शिकवतो. वारसा देतो. पोर पळवणारा शोधायचा असेल तर घरात शोधा, असं हा पिक्चर सांगतो. सवर्ण वाड्याच्या आत कंदील घेऊन उतरलेला असा पिक्चर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

परदेशातसुद्धा हा झगडा जुना आहे. जर्मनीतल्या ग्रिम भावांनी १८१२ साली लोककथांचं पुस्तक छापलं. त्यात दुष्काळात भाकरी पुरत नाही म्हणून भावाबहिणीला जंगलात सोडून देणारी आई सख्खी होती. लोकांना ते सोसलं नाही. पुढच्या आवृत्त्यांत तिला सावत्र केलं. बघा, तिथंही तेच. दुष्टपणा घरातून उचलायचा आणि बाहेरून आलेल्या बाईच्या अंगावर टाकायचा. गोष्ट गोड करायची पद्धत ही अशी असते. 'तुंबाड' उलट्या दिशेनं जातो. बाहेर टाकलेलं घरात आणून ठेवतो. म्हणून भल्या माणसांना तो कडू लागतो.

आता दुसरं मत. लोभाचा धडा. प्रत्येकात हस्तर आहे.

इथं माझं पिक्चरशी आणि बघणाऱ्यांशी दोघांशी भांडण आहे. "प्रत्येकात" हा शब्द फार सोयीचा आहे. सगळेच लोभी म्हटलं की हिशेब मिटला. खोत लोभी, कूळही लोभी. सावकार लोभी, कर्जदारही लोभी. मालक लोभी आणि पगारवाढ मागणारा मीही लोभी. आमच्याकडं बोनसची गोष्ट निघाली की कुणीतरी साहेब हमखास म्हणतो, माणसाची हाव संपत नाही. दोन वेळचं खाऊन पोराची फी भरायची, याला हाव म्हणतात.

तुंबाडच्या वाड्यात मोहरा कुठून आल्या? पिक्चर म्हणतो देवाच्या लंगोटीतून. कोकणातल्या वाड्यात पैसा कुठून येत होता हे इतिहासात लिहिलेलं आहे. खोत सरकारसाठी सारा वसूल करायचा आणि कुळाकडून त्याच्या वर काय काय उकळायचा. धान्य, वेठ, कोंबडी, माणसाचं अंग. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत मोर्चानं आले. त्यात कुणबी होते, महार होते. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पिक्चर १९१८ ला सुरू होतो आणि १९४७ ला संपतो. बरोबर हाच काळ. एवढ्या सगळ्या पावसात एकसुद्धा कूळ भिजताना दिसत नाही. वाडा कुणी बांधला, चिरे कुणी वाहिले, विहीर कुणी खणली? विनायक ज्या गव्हाचं पीठ मळतो तो गहू कुणी पिकवला? पिक्चरला त्याची गरज पडत नाही. आम्हाला पडते.

आणि हे सिनेमात दाखवता येत नाही असं कुणी म्हणू नये. याच कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. मुका पिक्चर. शेतकऱ्याचं काम व्ही. शांतारामांनी केलं होतं. सावकार कागद करतो, जमीन जाते, शेतकरी शहरात जाऊन गिरणीत लागतो. त्यात हाव आहे, पण तिला अंगठ्याचा ठसा आहे. कुणी घेतलं, कुणाचं गेलं, आणि ज्याचं गेलं तो पुढं कुठं गेला हे सांगितलेलं आहे. तो कुठं गेला ते मला माहीत आहे. माझ्या शेजारच्या साच्यावर उभा आहे.

म्हणून 'तुंबाड'बद्दल मी म्हणतो : बागुलबुवाचं घर त्यानं बरोबर दाखवलं, पण घराचा सातबारा दाखवला नाही. पत्ता अर्धाच दिला.

राहिलं तिसरं मत, त्या पोराचं. हस्तर आपल्यातला आहे काय?

हे मत मला सगळ्यात जास्त छळतं, कारण ते भुकेतून आलेलं आहे. आणि त्यात खरं आहे. देवांना सोनं गेल्याचं दुःख नव्हतं, धान्याला हात लागला तेव्हा ते उठले. ज्याला नाव घ्यायची बंदी, ज्याला पूजा नाही, ज्याला पोथीत जागा नाही, तो आपल्याला ओळखीचा वाटणारच. आणखी एक गोष्ट आहे. हस्तरचा स्पर्श. त्यानं शिवलं की माणूस सडतो, मरतही नाही. त्याच्यापासून वाचायला पिठाचं रिंगण आखून आत बसायचं. आता रिंगण आखून, स्पर्शाला भिऊन बसलेली माणसं आम्ही पडद्यावर पहिल्यांदा पाहत नाही. १९१८ साली, पिक्चर सुरू होतो त्याच वर्षी, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी महारांची वतनं रद्द करून त्यांची वेठ मोडली. त्याच सुमाराची गंगाराम कांबळ्यांची गोष्ट इथल्या प्रत्येक वस्तीत सांगतात. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारलं. मग त्यांनी चहाचं दुकान काढलं आणि महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायले. आमच्या घरात झोपताना ही गोष्ट सांगत. आता सांगा, रिंगणातून पाय बाहेर टाकायची गोष्ट ऐकून पोर घाबरतं की धीट होतं?

तरी मी त्या पोराला म्हणालो, हस्तर आपला नाही.

तो म्हणाला, "का न्हाई? उपाशी हाय की त्यो."

उपाशी आहे हे कबूल. पण त्यानं सोनं सगळं घेतलं होतं. भावंडांना ठेवलं नव्हतं. भूक लागलेला माणूस आधी भाकरीकडं जातो, मग उरलं तर बाकीचं. हस्तर आधी सोन्याकडं गेला. भूक आणि हाव यांच्यातला फरक मला एवढाच कळतो. भुकेला पुरे हा शब्द माहीत असतो. दोन भाकऱ्या, तीन भाकऱ्या, मग हात धुतो. हावेला तो शब्दच नाही, कारण ती पोटाची नसते. ती साठवणीची असते. आणि साठवण कधीच एकट्याची नसते. एका घरात साठली म्हणजे दहा घरांतून उठली.

त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग पिठाची बाहुली कोण? ती फेकत्यात त्याच्याफुडं, ती?"

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलेलं नाही. पण तो बरोबर बोलला असं वाटतं. मालक मोहरा लुटत असताना हस्तरला गुंतवून ठेवायला ज्याला पुढं टाकतात, ते आपण. गव्हाचे. घामानं मळलेले. दर खेपेला नवीन. पिक्चर बघणाऱ्या कुणी बाहुलीसाठी हळहळलेलं मी ऐकलं नाही.

मग पोरांना काय सांगायचं? शेवटी प्रश्न हाच आहे, पिक्चर चांगला की वाईट हा नव्हे.

काहीजण म्हणतात, पोरांना काळोख दाखवूच नका. हे मला पटत नाही. ज्या पोरांच्या घरात पाऊस येतो, ज्यांचा बाप पाळीवरून आल्यावर बोलत नाही, त्यांनी काळोख पाहिलेला आहे. त्यांना गोड गोष्ट सांगणं म्हणजे तुमचं घर या जगात नाही असं सांगणं. आपली ती चिऊकाऊची गोष्ट घ्या. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, तो दार वाजवतो, चिऊ आतून एकेक कारण सांगत राहते आणि दार लवकर उघडत नाही. ही गोष्ट आपण दूधभाताबरोबर भरवतो. दार बंद ठेवायची कारणं पोर बोलायला शिकायच्या आधी शिकतं. यापेक्षा हस्तर बरा. तो निदान भयानक आहे हे दिसतं तरी.

म्हणून माझं म्हणणं असं. गोष्टीत भीती असू द्या. पण भीती कुणाच्या नावानं घालताय याचा जबाब द्यायची तयारी ठेवा. गोष्ट सांगणारा पोराच्या डोळ्यात एक चेहरा बसवत असतो. तो चेहरा पुढं वीस वर्षांनी बाजारात भेटतो. त्या दिवशी गोष्ट सांगणारी आजी मेलेली असते, आणि मार खाणाऱ्याला आपण कुठल्या गोष्टीतले ते माहीत नसतं.

'तुंबाड' बघा. मोठ्या पोरांना घेऊन बघा. बघून झाल्यावर नुसतं लोभ वाईट म्हणून उठू नका. विचारा, सोनं कुणाचं होतं, गहू कुणाचा होता. आणि दारात झोळी घेऊन गोसावी आला तर पोराला आत ओढू नका. पोराच्याच हातानं त्याला पीठ वाढा, पाणी द्या. आणि पोराला त्याचं नाव विचारू द्या.